परत आलेली कोळंबी

१

जिवंत कोळंबी निवडायची असेल तर आधी तिच्याकडे बघायचं नाही. बादलीत नुसता हात घालायचा. जी हाताला चिकटून बसते ती अर्धमेली. जी कोपऱ्यात पळते ती घाबरट, गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला लावली की लगेच दमते. जी हात लागताच शेपटी झाडून मागे उडते आणि काय आहे ते बघायला परत पुढे येते, ती आपली. मग तिला तळहातावर घेऊन उन्हाकडे धरायची. अंग आरपार दिसायला हवं, दुधाळ नको. कवच टणक हवं, कारण नुकतीच कात टाकलेली कोळंबी मऊ असते आणि गरीवरून सुटते. पोटाला अंडी असतील तर मुकाट्याने खाडीत सोडून द्यायची.

हे मला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवलं. गरी कुठे घालायची तेही त्यांनीच. डोक्यावरच्या शिंगाच्या मुळाशी, कवचाच्या खालून, आतला काळा ठिपका चुकवून. ठिपक्याला टोक लागलं की कोळंबी मेली. चुकवलं तर आपण गरीवर आहोत हे तिला कळतसुद्धा नाही. ती पोहत राहते. थोडी पुढे जाते, अडते, मागे येते, पुन्हा पुढे जाते.

"आणि जिताड्यासारखा मोठा मासा भुकेला म्हणून येत नाही हो, वल्ले," दादा म्हणायचे. "पोट गच्च भरलेलं असलं तरी येतो. आपल्या जागेत दुसऱ्याचं काहीतरी मजेत हलतंय, हे त्याला बघवत नाही."

दादा गेले, पण रविवार चालू राहिला. दुपारी भरती चढायला लागली की मी आणि माझा नवरा अजेय रेवदंड्याच्या खाडीवरच्या जुन्या धक्क्यावर जायचो. तो अलिबागला कॉलेजात गणित शिकवतो. मी घरची नारळ-सुपारीची वाडी बघते आणि पर्यटकांना द्यायच्या दोन खोल्या. गळ त्याचा, निवड माझी, हे लग्नापासून ठरलेलं. अजेयला कोळंबीतलं काडीचं कळत नाही, मेलेलीसुद्धा कौतुकाने उचलेल. पण जिताडा लागला की अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असा ओरडायचा, "वल्लरीच्या हातची कोळंबी!" लोक हसायचे. मी ओढणीने घाम पुसायच्या निमित्ताने तोंड लपवायचे.

खरं सांगते, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोने मिरवावं असं फारसं काही उरत नाही. हे माझं होतं.

२

मे महिन्यातला रविवार होता. चांगदेव बादली घेऊन आला. तो तिवरांमधल्या ओढ्यात जाळं फेकतो आणि गरीवाल्यांना जिवंत कोळंबी विकतो. मी हात घातला, चार-पाच चांगल्या काढल्या. एक मात्र विचित्र निघाली. डावी मिशी अर्धी तुटलेली. ती हाताला चिकटली नाही, पळाली नाही, उडालीही नाही. पाण्यात जागच्या जागी राहून माझ्या बोटांकडे बघत राहिली. मी ती बाजूला सारली.

"ही दे," अजेय म्हणाला.

"ती नको. बिघडलेली आहे."

"असू दे. ही दे."

वीस वर्षांत त्याने पहिल्यांदाच स्वतः कोळंबी निवडली. मी हसून दिली. म्हटलं, कळेल आता बेट्याला.

गळ पडला तोच ओढ लागली. असा जिताडा आम्ही कधी काढला नव्हता, त्याला धक्क्यावर घ्यायला चांगदेवला धावत यावं लागलं. तोंडातून गरी सोडवायला मी वाकले आणि तशीच थांबले. गरीवर कोळंबी होती. अख्खी, जिवंत, अर्ध्या मिशीची. पाय हलवत होती.

गरीवरचा चारा कधी कधी वाचतो. गळाच्या तंगुसावरून, नायलॉनच्या दोऱ्यावरून वर सरकतो आणि माशाच्या तोंडाबाहेर राहतो. पण ही सरकली नव्हती, मी लावली तिथेच गरीवर होती. मी जिताड्याचा जबडा उघडून बघितला, बोट फिरवून बघितलं. गरी रुतल्याची खूण कुठेच नव्हती. तो कशालाच अडकला नव्हता. नुसता मागोमाग आला होता.

"वल्लरीच्या हातची..." मी म्हणाले. थट्टेत म्हणाले, पण वाट बघत होते.

अजेयने ऐकलंच नाही. तो कोळंबी ओंजळीत घेऊन बसला होता.

निघताना उरलेला चारा खाडीत सोडायचा असतो. दादा सोडायचे, सगळेच सोडतात. मी बादली ओतली. अजेयने आपला पाण्याचा डबा छातीशी धरला.

"मास्तर, चारा घरी न्हाय नेत," चांगदेव म्हणाला.

"का रे?"

"का ते मला न्हाय ठाव. कोनी न्हेत न्हाय."

"मग मी नेतो," अजेय म्हणाला आणि चालू लागला.

३

मागच्या खोलीत काचेची टाकी आली. खाऱ्या पाण्याचे कॅन आले, हवेचा पंप आला. ही खोली म्हणजे आमची अडगळ. तिथे माझं शिलाई मशीन होतं, ते त्याने मला न विचारता पडवीत काढून ठेवलं.

पुढच्या रविवारी मी बादलीत हात घालणार तेवढ्यात तो म्हणाला, "राहू दे गं. आणलीय मी."

डब्यात तीच होती. त्याने गरीही स्वतःच लावली. मी बघत होते. शिंगाच्या मुळाशी, ठिपका चुकवून, माझ्यापेक्षा हलक्या हाताने. पुन्हा भला मोठा मासा आला, पुन्हा जबडा कोरा, पुन्हा ती जिवंत. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच झालं. धक्क्यावरचे लोक अजेयभोवती जमायला लागले. "मास्तर, चारा कुठला?" म्हणून विचारायला लागले. तो हसायचा. माझ्याकडे बोट दाखवायला तो विसरला असं नव्हतं. दाखवावं असं काही राहिलंच नव्हतं.

मी रिकामे हात घेऊन दगडावर बसून राहायचे. मला राग यायचा, आणि राग कुणाचा तर एका कोळंबीचा! कुणाला सांगायची सोय नाही. सवत आणली असती तर बायकांनी निदान चहा पाजून समजूत घातली असती.

घरी जिताड्याचं कालवण व्हायचं. मी जेवायचे. अजेय ताट पुढे घेऊन बसायचा आणि घास इकडचा तिकडे करून उठायचा. "भूक नाही," म्हणायचा. मग मागच्या खोलीचं दार लागायचं. पंपाची बुडबुड ऐकू यायची, आणि मधूनच एक टक् असा आवाज. नखाने काचेवर टिचकी मारावी तसा. तो वाजला की अजेयचं हळू आवाजातलं बोलणं.

कोळंब्या आवाज करतात. काही जातींच्या नांग्या वाजतात, हे मला माहीत आहे. मी ते स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

४

जेवत नव्हता, तरी अजेय खराब दिसेना. उलट. त्याच्या कातडीला तकाकी आली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. चालण्यात असा काही झोक आला की रिक्षास्टँडवरच्या बाया वळून बघायच्या. इतका देखणा तो लग्नातही नव्हता, फोटो आहेत. मी आरशात बघितलं तर मी आहे तशीच होते.

तेव्हा मी शहाण्या बाईने करावं तेच केलं. दुसरी बाई शोधली. कॉलेजात पूनम म्हणून फिजिक्स शिकवणारी आहे, कधीकधी त्याच्या गाडीने येते. मी त्याचा फोन तपासला. पूनमचे दोनच निरोप होते, पेपर तपासणीबद्दल. शेवटच्यात तिने विचारलं होतं, "सर, तब्येत बरी आहे ना? डब्याला हात लावत नाही तुम्ही." मला इतकं वाईट वाटलं! पूनम असती तर केस धरून भांडता आलं असतं.

एका दुपारी घरात पर्यटक नव्हते. मागच्या खोलीतून बोलणं ऐकू येत होतं. अजेयचा फोन स्वयंपाकघरात माझ्यासमोर चार्जिंगला होता. मी चपला काढून दाराशी गेले.

टक्.

"हो," अजेय म्हणाला. "रोज."

टक् टक्.

"नाही, नाही. तिला पोहता येत नाही."

मी तिथेच उभी राहिले. खाडीच्या काठी वाढले, पण मुलींना पाण्यात कोण उतरू देत होतं? मला पोहता येत नाही हे खरंच. माझ्याबद्दल बोलत होता तो. आणि लाज वाटते सांगायला, पण आधी मला बरं वाटलं. निदान माझा विषय निघाला होता. भीती मागाहून आली.

संध्याकाळी तो पडवीत आला तेव्हा मी सरळ विचारलं.

"अजेय, काय चाललंय?"

"कुठे काय?" मग माझ्याकडे निरखून बघत, "जळतेस तू?"

"कोळंबीवर?"

"हं."

"हो, जळते. झालं समाधान?"

"खूप जळतेस?" त्याने विचारलं. थट्टा नव्हती त्यात. पाणी किती चढलंय हे विचारावं इतक्या साधेपणाने विचारलं.

"खूप," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. टक् वाजलं.

५

मी ठरवलं, तिला काढायचं. मारायचं नाही, बदलायचं. चांगदेवकडून एक कोळंबी आणायची, माझ्या हाताने निवडलेली, आणि टाकीत सोडायची. डावी मिशी कात्रीने अर्धी करायची. अजेयला फरक कळणार नाही, त्याला कधी कळलाय? रविवारी तो माझी कोळंबी लावेल आणि मासा लागला की मी सगळ्यांसमोर सांगेन. नाही लागला तरी सांगेन.

चांगदेवच्या बादलीतून मी अशी कोळंबी निवडली की दादांनी पाठ थोपटली असती. काचेसारखी, रागीट, हातभर उडणारी. स्टीलच्या डब्यात पाणी घालून घरी आणली. अजेय कॉलेजात होता, लख्ख दुपार होती. मागच्या खोलीशी आले तशी डब्यात खडखड सुरू झाली. झाकण उचललं तर ती दारापासून लांबच्या कडेला अंग दाबून बसली होती. माझं बोट लागलं तरी उडेना.

आत पंप चालू होता, पण हवा पाण्यात नाही, नुसतीच सुटत होती. टाकी कोरडी होती. तळाला मिठाची खपली धरलेली, आणि ती जुनी होती, नखाने खरवडावी लागली. कोळंबी नव्हती. मेलेलीही नव्हती. टाकीसमोर अजेयची खुर्ची होती. खुर्चीचं तोंड टाकीकडे नव्हतं. भिंतीकडे होतं.

भिंतीला ओल आली होती. चारही भिंतींना, माझ्या कमरेइतक्या उंचीवर, एकसारखी सरळ रेघ. रेघेखाली भिंत काळसर आणि ओली, वर कोरडी. धक्क्याच्या दगडांवर भरतीची रेघ असते तशी. घर जुनं झालं की ओल येते, मी म्हणाले. मे महिन्यातसुद्धा येत असेल. मी रेघेवरून हात फिरवला तर काहीतरी बोटाला खरखरीत लागलं. वाकून बघितलं. खाडीतल्या दगडांना शिंपल्याचं कालव धरतं तसं भिंतीला धरलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं, जिवंत, तोंड मिटलेलं.

टक्, असा आवाज झाला. भिंतीतून आला की माझ्या मागून, ते मी बघायला थांबले नाही. दार ओढून घेतलं. डब्यातली कोळंबी वाडीच्या टोकाशी असलेल्या ओढ्यात सोडली तेव्हा तिने माझ्या हातून सुटण्यासाठी केवढी धडपड केली.

६

त्या रविवारी अजेय गळ न घेता निघाला. डबाही नाही. मी विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "खाडीवर. रविवार ना आज."

मी जेवण झाकून मागोमाग गेले. धक्क्यावर चांगदेव जाळं दुरुस्त करत बसला होता.

"मास्तर दिसले का?"

त्याने हनुवटीने किल्ल्याच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे तिवरं संपतात आणि थोडी वाळू आहे. "ताई," तो म्हणाला, "तुमी हितंच बसा."

"का?"

"बसा ना. मी बोलावतो त्यांना."

"माझा नवरा आहे, मीच बोलावते," मी म्हणाले.

वाळूवर अजेयच्या चपला होत्या, शेजारी शेजारी नीट काढलेल्या. तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता, माझ्याकडे पाठ करून. ऊन त्याच्या खांद्यांवर पडलं होतं आणि तो इतका सुंदर दिसत होता की मला रडू आलं. मी हाक मारली नाही. तो थोडा पुढे गेला, थांबला, मागे आला. पुन्हा पुढे गेला. पुन्हा थांबला. हात सैल सोडलेले, मान किंचित मागे. त्याला बरं वाटत होतं हे पाठीवरूनही कळत होतं.

लाट उतरली तेव्हा त्याच्या मानेपासून समोर, खोल पाण्याच्या दिशेने, काहीतरी उन्हात चमकलं. ओलं तंगूस ताठ झालं की चमकतं तसं, बारीक आणि लांब. पुढची लाट आली आणि ते दिसेनासं झालं. सूर्य डोळ्यांवर होता. मला नीट दिसलं असं मी म्हणणार नाही.

थोड्या वेळाने अजेय स्वतःहून बाहेर आला. मी घोट्यापर्यंत पाण्यात उभी होते. चपला केव्हा काढल्या, आठवत नाही. त्याच्या चपलांशेजारी होत्या.

७

घरी आल्यावर त्याने न्हाणीघरात डोकं धुतलं. तो वाकला होता, मी तांब्याने पाणी घालत होते. मानेवरचे केस मी बाजूला केले.

होतं. मणक्याच्या जरा वर, गरीचं टोक कातडीखालून आत जाऊन बाहेर आल्यासारखं. दोन बारीक भोकं, स्वच्छ, रक्त नाही, सूज नाही. शीर चुकवलेली, हाड चुकवलेलं. ज्या कुणी गरी घातली होती त्याने घाई केली नव्हती. मरायला नको, दमायला नको, कळायलासुद्धा नको, अशी जागा निवडली होती.

मी दादांच्या हाताखाली शिकले आहे, मला काम ओळखता येतं. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नाही.

"दुखतं का?" मी विचारलं.

"काय?" तो म्हणाला.

मी तांब्या खाली ठेवला. त्याला मिठी मारून रडावं, डॉक्टरकडे न्यावं, पुण्याला शिकणाऱ्या आमच्या मुलीकडे निघून जावं, हे सगळं सुचलं. पण त्याआधी जे मनात आलं तेच खरं. कुणीतरी माझ्या नवऱ्याला तळहातावर घेऊन उन्हाकडे धरून बघितलं होतं. सगळ्या गावातून निवडलं होतं. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे असं कधी बघितलं होतं?

८

मला सगळं कळतं. मी काही मूर्ख नाही. आमिष हे आमिषासाठी नसतं, मागोमाग येणाऱ्यासाठी असतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. त्याला काही होणार नाही. तो दर वेळी जिवंत परत येईल, पहिल्यापेक्षा टवटवीत. मला पोहता येत नाही हेही पाण्यात जे कुणी आहे त्याला सांगून झालं आहे. मी घरी बसले, दार लावून घेतलं, तर काहीही व्हायचं नाही. चांगदेव सकाळी मुद्दाम वाडीवर येऊन तेच सांगून गेला. "रयवारचं कुठं जाव नका, ताई," म्हणाला. मी हो म्हणाले आणि त्याला शहाळं दिलं.

आज रविवार. मी मुद्दाम स्वयंपाक केला. वरण-भात, तळलेली कोळंबी, सोलकढी, वर नारळाच्या वड्या. एकटीने बसून पोटभर जेवले, नको नको होईपर्यंत पुन्हा वाढून घेतलं. म्हटलं, दादांचं म्हणणं एकदा तपासून बघावं. भरल्या पोटी बाई गप्प पडून राहते की नाही ते कळेल. चटईवर आडवी झाले. पंखा फिरत होता. मागच्या खोलीतून काही आवाज नव्हता.

त्याच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत गेला. त्याने मला हाक मारली नाही. मारली असती तर मी उठले नसते, देवाशपथ.

आता मी वाळूवर आहे. तो कमरेइतक्या पाण्यात आहे, पाठमोरा. पुढे जातो, अडतो, मागे येतो. आत्ताच त्याने मान वळवली आणि कुणाकडे तरी बघून हसला. अगदी मनापासून, धक्क्यावर ओरडायचा तेव्हा हसायचा तसं. तिथे कोणी नाही. पण ज्या बाजूला बघून तो हसला, ती बाजू माझी नाही.

धक्क्यावरून चांगदेव माझं नाव घेऊन ओरडतो आहे. पाणी कोमट आहे, गुडघ्याच्या वर आलं आहे. पोट इतकं भरलंय की वाकवत नाही. मी सलवार वर धरते आणि आणखी एक पाऊल टाकते.